डार्बीचे वाडे आणि आमचं छप्पर

कर्जखात्यात वीस वर्षं काढल्यामुळे अस्मादिकांची नजर कायमची बिघडली आहे. एखादं टुमदार घर दिसलं की चारचौघांना त्याच्या दारावरचं तोरण दिसतं, अंगणातलं वृंदावन दिसतं. मला त्याच्यावरचा बोजा दिसतो. मालक कोण, वारस किती, हप्ते थकलेत का, हे प्रश्न आधी आणि रंग कुठला दिलाय हे मागाहून. त्यामुळे इंग्लंडात जाऊन आल्यावर लोकांनी विचारलं, ‘‘काय काय पाहिलंत?’’ तेव्हा मी खरं तेच सांगितलं. ‘‘कर्जं पाहिली. चारशे वर्षांची जुनी. फार सुंदर होती.’’

धाकटी बहीण डार्बीला असते. मेहुणे मूळचे जळगावचे. तिथे विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात आहेत. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयता पंधरा दिवसांसाठी गेलो. निघायच्या आदल्या दिवशी आमचे थोरले चुलतबंधू घरी आले आणि एक कागद पुढे ठेवून म्हणाले, ‘‘एवढी सही करून जा. सोळा जणांच्या झाल्या, तुझी सतरावी.’’ कागद होता आमच्या साताऱ्याकडच्या वाड्याच्या विक्रीचं संमतीपत्र. सागवानी तुळया एक लाकूडवाला नेणार, जागा दुसरा कोणीतरी घेणार, आणि आलेले पैसे सतरा ठिकाणी वाटायचे. हिशेब चोख होता. चूक काढायला जागा नव्हती. मी म्हटलं, ‘‘परत आल्यावर करतो.’’ का म्हटलं, ते त्या वेळी मलाही कळलं नाही. कागद तसाच पासपोर्टाच्या पाकिटात राहिला आणि माझ्याबरोबर साहेबाच्या देशाची हवा खाऊन आला.

या डार्बीशायरची पहिली गंमत म्हणजे नावं. लिहायचं ‘डर्बी’, वाचायचं ‘डार्बी’. एका गावाच्या पाटीवरची अक्षरं जुळवून मी ‘एडेन्सॉर’ म्हणालो, तर भाची पोट धरून हसली. ते म्हणे ‘एन्झर’. ‘इयाम’ दिसतं ते ‘ईम’. आमच्याकडे नावात एवढा फरक असला तर चेक परत जातो!

पहिल्या रविवारी चेस्टरफील्डला गेलो. तिथल्या चर्चचा कळस वाकडा आहे. वाकडा म्हणजे थोडा कललेला नव्हे; जिलबीचा वेढा चुकावा तसा पिळवटलेला. २२८ फूट उंच, मध्यापासून साडेनऊ फूट बाजूला गेलेला आणि वर स्वतःभोवती पंचेचाळीस अंश फिरलेला. सैतान त्यावर बसला आणि त्याला शिंक आली, इथपासून ते लग्नाला आलेली नवरी खरोखरच सच्छील आहे हे पाहून कळसानं मान वळवून बघितलं, इथपर्यंत कथा आहेत. खरं कारण साधं आहे. चौदाव्या शतकात तो उभारला तेव्हा ओकचं ओलं लाकूड वापरलं, आडवे आधार पुरेसे दिले नाहीत आणि वर शिशाच्या पत्र्यांचं तेहतीस टन वजन घातलं. ओलं लाकूड वाळताना पिळलं. थोडक्यात, कंत्राटदार सर्व देशांत आणि सर्व शतकांत सारखाच. फरक एवढाच, की आपण असा कळस उतरवला असता आणि त्यांनी तो गावाची खूण म्हणून मिरवला.

पण डार्बीशायरची खरी मालकीण मला भेटली ती हार्डविक हॉलमध्ये. बाईंचं नाव बेस. एका मध्यम जमीनदाराची मुलगी. लग्नं चार, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा वरच्या पायरीवर. पहिला नवरा पोरवयातच गेला. दुसरा सर विल्यम कॅव्हेंडिश, राजाचा खजिनदार. बाईंच्या आग्रहावरून त्यानं १५४९ साली चॅट्सवर्थची जमीन सहाशे पौंडांना घेतली. सगळं झकास चाललेलं असताना १५५७ साली त्याच्या हिशेबाची तपासणी निघाली आणि पाच हजार पौंडांहून अधिक तूट सापडली. त्याच वर्षी तो गेला. मागे विधवा, सहा पोरं आणि सरकारचं देणं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. दिवसाअखेर कॅश अडीचशे रुपयांनी कमी भरली तर आमचा कॅशियर पाणीसुद्धा पीत नाही. इथे तर तूट पाच हजार पौंडांची, आणि तीही पंधराशे सत्तावन साली!

बाई डगमगल्या नाहीत. तिसरा नवरा एलिझाबेथ राणीच्या पहारेकऱ्यांचा कप्तान होता. त्याच्या वजनामुळे ते देणं थोडक्यात मिटलं. चौथा अर्ल ऑफ श्रूझबरी, म्हणजे बडं प्रस्थ. पण त्याच्या नशिबी एक पाहुणी आली. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला नजरकैदेत सांभाळायचं काम एलिझाबेथनं १५६९ साली त्याच्या गळ्यात घातलं आणि ते १५८४ पर्यंत त्याच्या गळ्यात राहिलं. पंधरा वर्षं पाहुणी, तीसुद्धा राणी, बरोबर नोकरचाकर, आणि सरकारी भत्ता खर्चाला कधीच पुरेना. त्यात बिचाऱ्याचा संसार मोडला यात नवल नाही. आमच्याकडे कोणी तीन दिवसांवर राहिलं तर आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.

१५९० साली हा अर्ल गेला तेव्हा बाई साठीच्या पुढे होत्या आणि इंग्लंडातल्या मोठ्या धनवंत बायकांत त्यांची गणना होती. माहेरच्या जुन्या घराची डागडुजी त्यांनी आधीच काढली होती. ती चालू असतानाच अगदी शेजारी, हाकेच्या अंतरावर, त्यांनी नवं घर काढलं. रॉबर्ट स्माइदसन या वास्तुकारानं आराखडा केला. काच बाईंच्या स्वतःच्या भट्टीतली, शिसं स्वतःच्या खाणीतलं. १५९७ साली त्या राहायला गेल्या. काच ही सोन्यासारखी वस्तू होती त्या काळात बाईंनी भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त केल्या. जितकं वर जावं तितक्या खिडक्या उंच होत जातात. सहा मनोरे, आणि त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली बाईंच्या नावाची आद्याक्षरं, ई. एस., लांबूनसुद्धा वाचता येतील अशी. चौथा नवरा वारला होता, पण त्याच्या किताबाचा वापर चालू होता.

आमच्या हिनं त्या खिडक्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘पडदे धुवायला टाकत असतील तेव्हा काय करत असतील?’’

मला मात्र सर्वांत आवडल्या त्या बाईंच्या हिशेबाच्या वह्या. गवंड्याला किती दिले, सुताराला किती दिले, सगळं टिपलेलं आणि तपासून बाईंनी खाली स्वतःच्या हातानं सही केलेली. दुसऱ्या नवऱ्याच्या तुटीनं त्या कायमच्या शहाण्या झाल्या असाव्यात, असा माझा आपला अंदाज. बांधकाम चालू आहे तोवर मरण नाही, असं त्यांना कोणी भविष्य सांगितलं होतं म्हणे. १६०८ च्या फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली, चुना गोठला, गवंडी हात खिशात घालून बसले आणि बाई गेल्या. भविष्याची गोष्ट दंतकथाच, पण फेब्रुवारी खरा आहे.

तर या बाईंचा वंश म्हणजे चॅट्सवर्थचे ड्यूक. तिथे जायचं म्हणजे आधी हिरव्यागार टेकड्या लागतात, मध्येच दगडावर दगड ठेवून चुन्याशिवाय रचलेली कुंपणं मैलोन् मैल पळतात, मग एका वळणावर नदी, नदीवर पूल आणि पलीकडे सोनेरी दगडाचा तो प्रचंड वाडा दिसतो. ‘‘किती नैसर्गिक!’’ असं मी म्हणालो. मेहुणे म्हणाले, ‘‘यातलं नैसर्गिक काही नाही.’’ १७६० नंतर ब्राउन नावाच्या उद्यानतज्ज्ञाला बोलावून चौथ्या ड्यूकनं हा निसर्ग करून घेतला. झाडं कुठे असावीत, टेकडीचा उतार कसा दिसावा, सगळं ठरवून. पुढे सहाव्या ड्यूकला वाटलं, की एन्झर गाव बागेच्या शोभेत व्यत्यय आणतं. झालं! १८३८ ते १८४२ या काळात गाव उचललं आणि टेकडीआड नेऊन ठेवलं. एक घर तेवढं जुन्या जागी राहिलं. ते अजून एकटं उभं आहे, आपल्या बागेच्या भिंतीत. मी त्या घराकडे आदरानं पाहिलं. सतरावी सही न करणारा माणूस तिथेही असावा, असं उगीचच वाटलं.

या सहाव्या ड्यूकच्या पदरी जोसेफ पॅक्स्टन नावाचा माळी होता. १८२६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो कामावर हजर झाला तो पहाटे साडेचारला. फाटक बंद होतं म्हणून भिंतीवरून चढून आत उतरला. बाग फिरून पाहिली, सहाला गड्यांना कामाला लावलं, मग घर सांभाळणाऱ्या बाईंकडे न्याहारीला गेला. तिथे त्यांची भाची होती. दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली, आणि हे सगळं सकाळी नऊच्या आत! (आमच्या शाखेत नऊला कुलूपसुद्धा उघडलेलं नसतं.) या पॅक्स्टननं काचेचं एक अजस्र वनस्पतिगृह बांधलं आणि पुढे १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. रशियाचा झार येणार म्हणून त्यानं १८४४ साली एक कारंजं केलं. माळावर आठ एकरांचं तळं खणून, पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर २९६ फूट उडणारं पाणी. झार आलाच नाही. पाहुणे येणार म्हणून घराला रंग काढावा आणि त्यांची तार यावी, तसा प्रकार. कारंजं राहिलं, काचेचं घर मात्र गेलं. पहिल्या महायुद्धात कोळसा नाही म्हणून झाडं थंडीनं मेली आणि १९२० साली सुरुंग लावून ते पाडावं लागलं.

याच पॅक्स्टननं चॅट्सवर्थच्या उबदार काचघरात एक बुटकी केळ वाढवली. १८३५ साली तिला केळफूल आलं. ड्यूकच्या घराण्यावरून तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश. हे वाचताच आमचे मेहुणे छाती काढून उभे राहिले, कारण जळगावची बसराई ही याच कॅव्हेंडिश कुळीतली, आणि हल्ली लावतात ती ग्रँड नैनही तीच. ‘‘म्हणजे जळगाव आणि ड्यूक एकाच गोत्राचे!’’ ते म्हणाले. त्या दिवशी तिकिटाची सवलत मागायचीच काय ती त्यांनी बाकी ठेवली.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे बोजावर येतो. दहाव्या ड्यूकनं मालमत्ता वारसाच्या नावे करून ठेवली होती. अट अशी, की त्यानंतर देणाऱ्यानं पाच वर्षं जगायचं. त्यानं मनापासून प्रयत्न केला. पण १९५० च्या नोव्हेंबरात, मुदत भरायला काही आठवडे उरले असताना, लाकडं तोडता तोडता तो गेला. मृत्युकर बसला शेकडा ८० टक्के. म्हणजे शंभरातले वीस घरात आणि ऐंशी सरकारात! अकरावा ड्यूक तेव्हा तिशीचा. एखादा म्हणाला असता, घ्या किल्ल्या. त्यानं हजारो एकर जमिनी विकल्या, चित्रं दिली आणि शेवटी १९५६ साली करापोटी एक अख्खं घरच सरकारला दिलं. कोणतं? बेसबाईंचं हार्डविक. १९५९ साली ते नॅशनल ट्रस्टकडे गेलं. एक वाचवायला दुसरं द्यायचं, असा तो हिशेब.

चॅट्सवर्थचं तरी वाचलं असं कुठे? नुसतं छप्पर १.३ एकराचं. मी लगेच मनात मांडून पाहिलं, बावन्न गुंठे! एवढ्या जमिनीवर आमच्याकडे तीन भावांत कज्जे चालतात. इथे नुसतं छप्पर तेवढं, आणि तेही गळणारं. मग ड्यूक-डचेसनी घर लोकांना दाखवायला मांडलं, १९७७ साली शेतातला माल विकायचं दुकान काढलं, १९८१ साली एक मोलाचं चित्र विकून ठेव उभी केली आणि घर एका ट्रस्टच्या हवाली केलं. तेव्हापासून ड्यूकमंडळी स्वतःच्या पूर्वजांच्या घरात ट्रस्टला भाडं भरून राहतात. भाडं! मी हे दोनदा विचारून घेतलं.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती हार्डविकची शेवटची रहिवासी. डचेस एव्हलिन, नवव्या ड्यूकची विधवा, नव्या ड्यूकची आजी. घर सरकारजमा झालं तेव्हा ती तिथेच राहत होती. चारशे वर्षांचे भिंतीवरचे विणलेले पट ऊन खाऊन विरत चालले होते आणि ही म्हातारी सुईदोरा घेऊन, वर्षानुवर्षं, ते टाक्याटाक्यानं सांधत होती. १९६० साली ती गेली. तिनं सांधलेले पट अजून आहेत.

आमच्या वाड्यात धाकटी काकू राहते. एकटीच. पावसाळ्यात कुठे कुठे भांडी ठेवायची ते तिला पाठ आहे. माजघरात पातेलं, सोप्यावर परात, देवघरापाशी तांब्या. संमतीपत्रात तुळयांचा उल्लेख होता, दारांचा होता, विहिरीचासुद्धा होता. काकूचा नव्हता. सोळा जणांनी सही करताना तो शोधला असेल असं मला वाटत नाही. मीही हार्डविकच्या जिन्यावर उभा राहीपर्यंत शोधला नव्हता.

हॅडन हॉलबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथे माझे पाय फार दुखत होते. हा त्याहूनही जुना वाडा. १७०० च्या सुमारास मालक दुसऱ्या वाड्यात राहायला गेले आणि दोनशे वर्षं याच्याकडे कोणी फिरकलं नाही. त्यामुळे हौशी वारसांनी त्याच्यात सुधारणा केल्या नाहीत आणि तो जसाच्या तसा राहिला. विसाव्या शतकात एका ड्यूकनं हळूच तो दुरुस्त केला. दुर्लक्षसुद्धा कधी कधी कामी येतं. पण त्याला दगडी भिंती लागतात. आमच्या मातीच्या भिंतींना दोन पावसाळे पुरतात.

शेवटच्या दिवशी ईम. खेडं अगदी लहान. १६६५ च्या सप्टेंबरात तिथल्या एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं आणि त्यातून पिसवा, म्हणजे प्लेग आला. वर्षभरात गाव सुनं व्हायला लागलं. १६६६ च्या जूनमध्ये मॉम्पेसन नावाचा तरुण धर्मोपदेशक आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढलेला स्टॅन्ली, हे दोघं एकत्र आले आणि त्यांनी गावाला सांगितलं, की कोणीही गाव सोडायचं नाही. रोग शेजारच्या गावांत न्यायचा नाही. गावानं ते मानलं. शिवेवरच्या दगडाला खळगे पाडले, त्यांत व्हिनेगर ओतलं आणि मालाचे पैसे त्यात ठेवले; बाहेरच्यांनी अन्न ठेवून नाणी उचलून न्यायची. चॅट्सवर्थहूनही रसद येत असे. ते खळगे मी हातानं चाचपून पाहिले. २०२० साली आमच्या काउंटरवर नोटांवर फवारे मारत बसलो होतो ते आठवलं. कल्पना तीच, फक्त आमच्याकडे व्हिनेगरऐवजी सॅनिटायझर होतं आणि गिऱ्हाईक शिव्या देत होतं.

गावाबाहेर माळावर हॅनकॉक कुटुंबाची थडगी आहेत. ऑगस्टमधल्या आठ दिवसांत त्या घरातल्या बाईनं नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. त्याच महिन्यात मॉम्पेसनची बायको गेली. साथ थांबेपर्यंत गावातली सुमारे २६० माणसं गेली होती. आमची ही थडग्यांपाशी गवतावर बसून राहिली. नेहमी ‘चला, चहाची वेळ झाली’ म्हणणारी बाई, पण चहाचं नाव नाही.

मला आमच्या पणजोबांची गोष्ट ठाऊक होती; पण तिचा असा विचार कधी केला नव्हता. १८९७ साली पुण्यात प्लेग पेटला तेव्हा पणजोबा बिऱ्हाड बैलगाडीत घालून गावी निघून आले आणि हा वाडा बांधून तिथेच राहिले. म्हणजे ईमची माणसं थांबली आणि आमची पळाली. पळाली म्हणून आम्ही सतरा हिस्सेदार आज सह्या करायला शिल्लक आहोत. पणजोबांना नावं ठेवायची माझी छाती नाही. त्यांच्या जागी मी असतो तर बैलगाडीचीही वाट पाहिली नसती. पण त्या पळणाऱ्या माणसांना ज्या छपरानं आसरा दिला, त्याच्या वाश्यांचा घनफुटाचा दर काढलेला कागद माझ्या खिशात होता, आणि त्या माळावर तो फार जड लागत होता.

परत आल्यावर काकूला फोन केला. साहेबाच्या देशातले वाडे कसे असतात, ते सगळं वर्णन केलं. तीनशे फुटी कारंजं, काचेच्या भिंती, सोनेरी दगड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आणि गळतात का रे?’’

‘‘गळतात की,’’ मी म्हटलं. ‘‘बावन्न गुंठ्यांचं छप्पर आहे.’’

‘‘अगं बाई! मग भांडी तरी किती लागत असतील!’’

चुलतबंधूंकडे गेलो तेव्हा कागद परत दिला, सहीशिवाय. त्यांनी विचारलं, ‘‘मग करायचं काय?’’ मी शाळामास्तरी थाटात ड्यूकची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, ‘‘ड्यूक राहू दे. कौलांना किती लागतील ते बोल.’’ तो माझा विषय होता. मंगळुरी कौलं किती, बदलायचे वासे किती, गवंड्याची रोजी किती, असं एका पानावर मांडलं, सतरानं भागलं आणि सतरा जणांना पाठवलं. काकूच्या आणि माझ्या नावे एक जोडखातं उघडलं. आजपर्यंत सात हिस्से जमा झालेत. चौघांनी ‘बघू’ असं कळवलंय. एकानं विचारलंय, की विक्री झाल्यावर हे पैसे वजा मिळतील का. उरलेल्यांनी फोन घेणं बंद केलंय.

सात हिश्शांत देवघरापासून माजघरापर्यंतचं छप्पर शाकारून झालं. काकू प्रत्येक रोजीची नोंद वहीत करते आणि खाली सही करून मला वही दाखवते. मागच्या आठवड्यात वही तपासली, तर हिशेबात अकरा रुपये जास्त निघाले. तेव्हापासून आम्ही दोघंही ते शोधतो आहोत.